सर्व्हर सभासदांचा, रूट विक्रेत्याचं

मोरगाव-सुप्याचा जिरायती पट्टा असो की नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सहकारी संस्था नाही असं गाव शोधून काढावं लागेल. विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाना. प्रत्येकीच्या वार्षिक अहवालात ठासून लिहिलेलं असतं की संस्था सभासदांच्या मालकीची आहे. मी मोरगावात राहतो आणि या भागातल्या संस्थांचे सर्व्हर चालते ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: ज्या यंत्रात सभासदाच्या उसाचं वजन, ठेव आणि कर्ज नोंदलेलं आहे, त्या यंत्राचा मालक सभासद नाही. ज्याच्याकडे रूटचा, म्हणजे यंत्रातल्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड आहे आणि ज्याला बाहेरून त्या यंत्रात शिरता येतं, तो मालक आहे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो शहरात बसलेला विक्रेता आहे.

ही मालकी एका दिवसात कोणी लुटून नेलेली नाही. ती ड्रायव्हरच्या वाटेनं गेली. सर्व्हरमध्ये एक कार्ड बसवतात. त्याला आठ किंवा सोळा सिरिअल पोर्ट असतात आणि त्या पोर्टांना मोडेम, शाखेची लाइन, वजनकाट्याचा इंडिकेटर जोडतात. काही कार्डांवर मोडेमच बसवलेले असतात. बाहेरचं जग सर्व्हरपर्यंत पोचतं ते या रिमोट ॲक्सेस ॲडॅप्टरमधून. पण कार्ड खाचेत बसवलं म्हणजे काम झालं नाही. त्याच्याशी कसं बोलायचं हे युनिक्स प्रणालीच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, शिकवणारा ड्रायव्हर लागतो. हा ड्रायव्हर कर्नलच्या आत, यंत्रातल्या सर्वोच्च अधिकारानं चालतो. सगळी मेमरी त्याच्यापुढे उघडी असते. एवढी ताकद असलेली वस्तू आमचं संचालक मंडळ सीलबंद सीडीतून घेतं. आत काय आहे हे विचारत नाही आणि ती कशी बसवली याचा एक कागदही मागून घेत नाही. टेबल-खुर्च्यांच्या खरेदीला तीन दरपत्रकं लागतात. याला कोणी विचारत नाही.

हे पूर्वापार असं नव्हतं. बँकांच्या संगणकीकरणावर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला. त्यानंतर शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मागोमाग मिनी संगणक आले, आणि या संगणकीकरणाचा पाया युनिक्सवर घातला गेला. नव्वदच्या दशकात एका ३८६ किंवा ४८६ यंत्रावर एससीओ युनिक्स आणि मल्टिपोर्ट कार्डानं जोडलेली डंब टर्मिनलं, ही मांडणी बँकांत आणि कार्यालयांत सर्रास दिसे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाचं स्वस्तातलं शेल खातं म्हणजेसुद्धा फोन लावून दूरच्या युनिक्स यंत्रावर उघडलेलं टर्मिनलच होतं.

त्या काळात ड्रायव्हर बसवणं कष्टाचं काम होतं. कार्डावरचे जंपर हलवून इंटरप्ट ठरवायचा; ४ आणि ३ हे इंटरप्ट यंत्रातल्या पहिल्या दोन सिरिअल पोर्टांनी आधीच धरलेले असत. फ्लॉपीवरून ड्रायव्हर चढवायचा, कर्नल नव्यानं लिंक करायचा, यंत्र बंद करून चालू करायचं. जुना कर्नल ‘युनिक्स डॉट ओल्ड’ या नावानं शिल्लक राही. नवा उठला नाही तर बूटच्या ओळीवर ते नाव टाइप करून माघारी येता येई. एससीओत एकाच पोर्टाला दोन नावं असत. शेवटी लहान ‘ए’ असलेलं नाव साध्या टर्मिनलसाठी, मोठा ‘ए’ असलेलं मोडेमसाठी. मोडेम लहान ‘ए’च्या नावावर लावला, तर फोन तुटला तरी लॉगिन उघडंच राही आणि पुढचा फोन करणारा थेट आधीच्या माणसाच्या खात्यात उतरे. एका अक्षरावर संस्थेची सुरक्षितता उभी होती. पण हे सगळं छापील पुस्तकात लिहिलेलं असे, पुस्तक खोक्यातून येई आणि शाखेतला शिकायची हौस असलेला कारकून ते वाचून काम निभावून नेई. काम अवघड होतं, पण त्यात लपवाछपवी नव्हती.

आता काम सोपं झालं आहे आणि लपवाछपवी वाढली आहे. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत जे पाहिलं ते सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण रोग तिचा एकटीचा नाही. तिचा सर्व्हर सेंटओएस ६ या, युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्स प्रणालीवर चालत होता. या प्रणालीची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली. त्यानंतर तिच्यातली भोकं बुजवणारी दुरुस्ती यायची थांबली. संस्थेनं नवा सर्व्हर घेतला, त्यावर डेबियन ही दुसरी लिनक्स प्रणाली चढवली आणि शाखांच्या लाइन जोडलेलं आठ पोर्टांचं जुनंच कार्ड त्यात बसवलं. विक्रेत्यानं दिलेल्या सीडीवर स्रोत नव्हता, सूचनांचा कागद नव्हता. फक्त एक बांधून तयार केलेलं मॉड्यूल होतं. ते चढवायला गेलं की कर्नल एका ओळीत नकार देई: मॉड्यूलचा फॉरमॅट चुकीचा. ‘मॉडइन्फो’ चालवून व्हरमॅजिकची ओळ वाचली. मॉड्यूल २.६.३२ या कर्नलसाठी, आणि फक्त त्याच्यासाठी, बांधलेलं होतं.

मॅनेजरनं विक्रेत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून उत्तर आलं, “साहेब, नव्या सर्व्हरला ड्रायव्हर नाही. एक तर जुना सर्व्हर आहे तसा चालू ठेवा, नाहीतर आमचं नवं कार्ड घ्या. त्याच्याबरोबर वार्षिक करार करावा लागेल.”

“आणि जुन्याचं अपडेट?”

“कर्नलला हातच लावू नका साहेब. काही अडलंच तर आम्ही इथून बघतो की.”

हे ‘इथून बघतो’ म्हणजे काय, ते राउटर उघडल्यावर दिसलं. दुरून लॉगिन करायचं २२ क्रमांकाचं पोर्ट चोवीस तास इंटरनेटला उघडं. रूटनं थेट लॉगिनला परवानगी. पासवर्ड विक्रेत्यानंच ठरवलेला आणि मॅनेजरला माहीत नसलेला. कोण कधी आत आलं याचे लॉग काही दिवसांनी आपोआप पुसले जाणारे. ज्या दाराची किल्ली घरमालकाकडे नाही, ते दार संस्थेनं आपल्याच खर्चानं उघडं ठेवलं होतं आणि त्याला ती ‘सेवा’ म्हणत होती.

मी कार्ड बाहेर काढलं. मुख्य चिपवर विक्रेत्याच्या नावाचं स्टिकर होतं. ते सोलल्यावर खाली निघाली ती साधी, १६५५० च्या जातीची सिरिअल चिप. तिला चालवणारा ८२५० हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये वर्षानुवर्षं आहे, फुकट आहे, उघडा आहे. ‘एलएसपीसीआय’नं दाखवलेला निर्मात्याचा आणि वस्तूचा क्रमांक त्या ड्रायव्हरच्या ‘न्यू-आयडी’ फाइलमध्ये लिहिला आणि त्यानं कार्ड ओळखलं. आठांपैकी मोजकेच पोर्ट दिसले, कारण कर्नल बूट होताना किती सिरिअल पोर्ट धरायचे याचा आकडा डेबियनमध्ये मुळात ४ असतो. ‘एनआर-यूएआरटीज’ हा पॅरामीटर वाढवल्यावर आठही उभे राहिले. मग लाइनवर कचरा अक्षरं येऊ लागली. कार्डावरचा क्रिस्टल नेहमीच्या आठपट वेगाचा होता, म्हणून ९६०० मागितलं की तार ७६,८०० नं बोलत होती. ‘सेटसिरिअल’नं बेस बॉड ९,२१,६०० सांगितला आणि अक्षरं जाग्यावर आली. हे बदल यंत्र बंद-चालू झाल्यावर टिकावेत म्हणून बूटच्या फाइलींत लिहिले, प्रत्येक पायरी मराठीत कागदावर उतरवली आणि कागद मॅनेजरच्या कपाटात ठेवला. ‘ड्रायव्हरच नाही’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं गेलं, तो ड्रायव्हर त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होता. विक्रेत्यानं त्याच्यावर आपलं नाव चिकटवून सभासदांच्या ठेवीतून भाडं वसूल करायचा बेत केला होता. याला मी व्यापार म्हणत नाही, नाडवणूक म्हणतो.

अशी नाडवणूक चालते कारण खरेदी करणाऱ्याला ड्रायव्हरचा धर्म माहीत नसतो. लिनक्सच्या कर्नलमधल्या आतल्या जोडण्या कायम राहतील अशी हमी त्याचे कर्ते देत नाहीत आणि हे ते उघडपणे लिहून सांगतात. आवृत्तीगणिक जोडण्या बदलतात. ज्या ड्रायव्हरचा स्रोत मूळ कर्नलच्या झाडात आहे, त्यात बदल करण्याची जबाबदारी जोडणी बदलणाऱ्यावरच असते, म्हणून तो ड्रायव्हर कर्नलबरोबर पुढे सरकतो. जो सीडीत बंद आहे, तो त्या सीडीच्या तारखेला गाडला जातो. झाडातलेही ड्रायव्हर अमर नसतात: २०२१ साली रॉकेटपोर्ट, आयएसआयकॉम आणि सायक्लेड्स या जुन्या मल्टिपोर्ट कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकले, कारण त्यांना वाली उरला नव्हता. पण त्यांचा स्रोत आजही कोणालाही वाचता येतो. गरज असलेली संस्था माणूस लावून तो पुन्हा उभा करू शकते. बंद मॉड्यूलच्या बाबतीत तिला रडण्यापलीकडे काहीही करता येत नाही.

आणि विक्रेता कायम राहील हा भ्रम कोणी बाळगू नये. एससीओचं ओपनसर्व्हर ५ बाजारात आलं १९९५ साली. २००१ मध्ये हा धंदा कॅल्डेराकडे गेला. त्याच कंपनीनं पुढे एससीओ ग्रुप हे नाव घेतलं, मार्च २००३ मध्ये आयबीएमवर दावा ठोकला आणि सप्टेंबर २००७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जगभरच्या दुकानांत, दवाखान्यांत, बँकांत चाललेल्या प्रणालीची ही गत झाली. मग एका खोलीत चार पोरं बसवून कार्डावर स्टिकर चिकटवणाऱ्याच्या भरवशावर पुढची दहा वर्षं काढणाऱ्या संचालकांना काय म्हणावं?

आता उसाच्या काट्याकडे या. गाळप हंगामात शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक भरगाडी आणि रिकामी गाडी या दोन वजनांमधल्या फरकावर ठरतं. काटामारीची तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे आणि शेतकरी संघटना तिच्यावर वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. माझा कोणा एका कारखान्यावर आरोप नाही. मी यंत्राबद्दल बोलतो आहे. वैधमापन खात्याची तपासणी आणि सील काट्याला आणि इंडिकेटरला असतं. त्या इंडिकेटरच्या पाठीमागून सिरिअल केबल निघते, सर्व्हरच्या कार्डात जाते आणि ड्रायव्हरमधून वाट काढत वजनपावती बनते. या वाटेत बंद मॉड्यूल बसलं असेल आणि त्याच सर्व्हरला बाहेरून शिरायची वाट असेल, तर पावतीवरचा आकडा इंडिकेटरवरचाच आहे हे छातीठोकपणे कोण सांगणार? प्रामाणिक चेअरमनसुद्धा सांगू शकत नाही, कारण त्याच्या हातात तपासायला काहीच दिलेलं नाही. ज्या काट्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसायला हवा, त्याची प्रत्येक ओळ वाचता येण्यासारखी हवी. हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि तो मागायला संगणकाची पदवी लागत नाही.

या सगळ्यावर ‘आमच्याकडं कोण कशाला येतंय चोरी करायला?’ असं विचारणाऱ्यांनी ऑगस्ट २०१८ आठवावा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्टला हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली आणि १३.९२ कोटी रुपये स्विफ्टमार्फत हाँगकाँगला वळवले गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या, स्वतःचा संगणक विभाग असलेल्या बँकेवर ही वेळ आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी बँकांच्या एटीएम स्विचवरच्या हल्ल्यांबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांनी तपासलेले बाधित सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सच्या मुदत संपलेल्या आवृत्त्यांवर चालत होते. एआयएक्समधलंच भोक वापरल्याचा पुरावा सापडला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. तरी त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे: ज्या यंत्रांना हात लावायचा नाही असं ठरवून सगळे मोकळे होतात, त्या यंत्रांवर घाला पडतो तेव्हा तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम १९ ऑक्टोबर २०१८ ला घालून दिले. गावोगावच्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या आदेशात लॉग १८० दिवस जपायला आणि घडलेला प्रकार ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. लॉग आठवड्यात पुसणारी आणि रूटचा पासवर्ड ठाऊक नसलेली संस्था ६ तासांत कळवणार काय? आपल्याकडे चोरी झाली हे तिला सहा महिन्यांनीही उमगणार नाही.

रिमोट ॲक्सेस मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. पावसात मोरगावच्या शाखेची लाइन पडली तर दुरून दुरुस्त व्हायलाच हवी. पण किती दार उघडायचं याचा विवेक हवा. वारणानगरचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये तिथं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ७० गावांसाठी ५४ माहिती केंद्रांत संगणक बसवले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा शेतकरी त्या संगणकांवर प्रामुख्यानं उसाचं वजन, खताची उचल आणि पैशांची माहितीच बघत होते. तेवढं काम संशोधकांनी मोबाइलच्या साध्या एसएमएसवर करून दाखवलं. ठरावीक प्रश्न विचारता येतो आणि ठरावीक उत्तर मिळतं, याहून जास्त वाट त्या कामाला लागतच नव्हती. आमच्या संस्थांनी विक्रेत्याला मात्र एका प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी अख्खं रूट दिलं आहे.

‘आमच्याकडं माणूस कुठं आहे?’ ही दुसरी सबब. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, संगणक शिकवणारी इतर महाविद्यालयं आहेत. तिथली पोरं पदवी हातात पडताच हिंजवडीची वाट धरतात, कारण त्यांच्याच गावच्या संस्थेला त्यांची गरज वाटत नाही. संचालकांच्या दौऱ्यांना, अहवालाच्या गुळगुळीत कागदाला आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सला पैसा निघतो. लिनक्स शिकलेल्या एका मुलाला अर्धवेळ पगार द्यायची वेळ आली की तोटा आठवतो. चार-पाच पतसंस्थांनी मिळून एक माणूस ठेवला तरी भागतं. मिळून करणं यालाच तर सहकार म्हणतात.

करायचं काय ते अवघड नाही. खरेदीआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या की कार्डाचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे आणि त्याचं नाव हे. नाव सांगता येत नसेल तर कार्ड परत करा. बसवण्याची प्रत्येक पायरी मराठीत लिहून घ्या आणि संस्थेच्या माणसानं ती एकदा विक्रेत्यासमोर स्वतः करून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका. रूटचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, चेअरमन आणि सचिव या दोघांच्या सहीनं ठेवा. विक्रेत्याला मर्यादित अधिकाराचं वेगळं खातं द्या. २२ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका. वायरगार्ड हे सुरक्षित खासगी जोडणीचं (व्हीपीएन) साधन मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्याला पैसा लागत नाही; त्यातून, की-फाइल वापरून, संस्थेच्या माणसानं दार उघडल्यावरच विक्रेता आत यावा आणि काम संपलं की दार बंद व्हावं. लॉग १८० दिवस जपा आणि त्याची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर ठेवा. जुना कर्नल बूटच्या यादीत राहू द्या, म्हणजे अपडेट करायला भीती वाटणार नाही.

सहकार कायद्यानं वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत लाभांश आणि जेवणाबद्दल दरवर्षी बोललं जातं. या वर्षी प्रत्येक सभासदानं उभं राहून तीन प्रश्न विचारावेत. आपल्या सर्व्हरचं रूट कोणाकडे आहे? विक्रेता उद्या बंद पडला तर ड्रायव्हर कोण बसवणार आणि त्याचा कागद कुठे आहे? गेल्या सहा महिन्यांत बाहेरून आपल्या यंत्रात कोण कोण आलं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ज्या संचालक मंडळाला ही उत्तरं देता येणार नाहीत, त्याच्या संगणक खरेदीच्या ठरावाला हात वर करू नका.